लहर कुठून येते

लहरी नक्षीचे, पट्ट्यापट्ट्यांचे क्रोशाचे पांघरूण पसरलेले दिसले की नजर आधी रंगांकडे जाते. निळा, पांढरा, मोरपंखी, पुन्हा निळा असे पट्टे चढतात, उतरतात, पुन्हा चढतात आणि पाहणाऱ्याला वाटते की विणणाऱ्याने रंगांनी लाटा काढल्या आहेत. पण तेच पांघरूण एकाच पांढऱ्या सुतात विणले तरी लाट तशीच उमटेल. ती टाक्यांच्या मोजणीतून तयार होते. रंग तिला उठाव देतात, इतकेच. क्रोशाच्या सगळ्या नमुन्यांत हा नमुना मला सर्वांत जवळचा वाटतो तो याच कारणाने. नवशिक्या हाताला तो जमतो, आणि तो असा का दिसतो हे शोधायला बसले तर त्यात बरीच भूमिती सापडते.

कापडावर नागमोडी रेघ आणण्याचे आपल्या ओळखीचे बहुतेक प्रकार खरोखरच रंगाचे असतात. राजस्थानातला लहरिया घ्या. विणून झालेले तलम कापड तिरके गुंडाळतात, जागोजागी दोऱ्याने घट्ट बांधतात आणि रंगात बुडवतात. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही, म्हणून उलगडल्यावर तिरके पट्टे दिसतात. कापडाचे धागे मात्र होते तसे उभे-आडवेच असतात. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावर विणली जाते, तरी तिथेही उभा धागा उभा राहतो आणि आडवा आडवा. क्रोशाच्या लहरीत विणीची ओळच वाकते. हात लावून पाहिले तर बोट चढते आणि उतरते.

हे शक्य होते क्रोशाच्या एका मूळ गुणामुळे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतली सगळी घरे एकाच वेळी सुईवर उघडी असतात. एक निसटले तर खालपर्यंत उसवत जाते. क्रोशाच्या आकड्यावर टाक्यांच्या मधल्या क्षणी एकच फास असतो. प्रत्येक टाका तिथल्या तिथे पूर्ण होतो आणि मग पुढचा सुरू होतो. त्यामुळे सुई पुढच्या वेळी कुठे घालायची याचे स्वातंत्र्य विणणाऱ्याकडे राहते. एकाच जागी दोन टाके घालता येतात, दोन जागांवरचे टाके वर एकत्र बंद करता येतात, एखादी जागा सोडूनही देता येते. कारखान्यात खरे क्रोशे विणणारी यंत्रे आजही नाहीत, त्यामागे हे स्वातंत्र्यच आहे. दुकानात क्रोशासारख्या दिसणाऱ्या यंत्रावरच्या जाळ्या मिळतात, पण त्यांची वीण वेगळी असते.

लहरीसाठी लागणारे टाके दोनच: साखळी आणि खांब. खांब घालताना सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा, सुई खालच्या ओळीतल्या टाक्यात घालून धागा ओढून आणायचा, की सुईवर तीन फास होतात. पुन्हा धागा घेऊन दोन फासांतून काढायचा, आणि आणखी एकदा घेऊन उरलेल्या दोनांतून. सुरुवातीचा वेढा न घेता घातलेला बुटका टाका म्हणजे मुका खांब. इंग्रजी नमुना हाती असेल तर तो अमेरिकी आहे की ब्रिटिश हे आधी पाहावे, कारण आपल्या खांबाला अमेरिकेत डबल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ट्रेबल. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे मुका खांब. हा फरक लक्षात न घेता विणलेले पांघरूण अर्ध्या उंचीचे होते.

आता लहर. सरळ पट्टी विणताना खालच्या प्रत्येक टाक्यात एक खांब जातो. समजा, ओळीतल्या एका ठिकाणी आपण शेजारच्या दोन टाक्यांत दोन-दोन खांब घातले. तिथे जागा दोन टाक्यांची आणि खांब चार. ते पंख्यासारखे पसरतात, आजूबाजूच्या खांबांना बाहेर ढकलतात आणि ओळ तिथे वर उचलली जाते. हे शिखर. थोड्या अंतरावर शेजारचे दोन खांब अर्धवट विणून वर एकत्र बंद केले, आणि लगेच पुन्हा दोन तसेच, तर चार टाक्यांवर दोनच डोकी उरतात. ओळ तिथे आखडते, खाली ओढली जाते. ही दरी. शिखरावर दोन टाके वाढले, दरीत दोन कमी झाले, एकूण संख्या होती तेवढीच राहिली. पुढच्या ओळीत शिखरावर शिखर आणि दरीवर दरी येईल असे पाहिले की लहर पक्की होत जाते.

याची खरी गंमत एकेका खांबाच्या मागे वरवर जाताना कळते. एक उभी रांग निवडा आणि तिच्यावरच्या ओळीत ती कुठे गेली ते बघा. शिखरापाशी दर ओळीला दोन नव्या रांगा जन्मतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. नव्या रांगा जुन्यांना बाहेर सारतात, त्यामुळे प्रत्येक रांग दर ओळीला एकेक घर शिखरापासून दूर सरकते. अशी सरकत सरकत पाच-सहा ओळींत ती दरीत पोहोचते आणि तिथे शेजारणीत मिसळून संपते. म्हणजे लहरी पांघरुणात बुडापासून माथ्यापर्यंत सलग गेलेली एकही रांग नसते. जे कापड स्थिर दिसते, त्यात टाके शिखराकडून दरीकडे सतत वाहत असतात. लहरी पांघरूण अंगावर इतके छान का पडते याचे उत्तरही इथेच आहे: त्याचा प्रत्येक उतार तिरप्या कापलेल्या कापडासारखा असतो, आणि तिरपे कापड नेहमीच लवचिक पडते.

यातून एक उपयोगी नियम निघतो. रांग दर ओळीला एका टाक्याच्या रुंदीइतकी बाजूला जाते आणि एका टाक्याच्या उंचीइतकी वर. म्हणून लहरीचा चढ किती उभा असेल हे टाक्याच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणावर ठरते. मुका खांब जवळजवळ चौकोनी असतो, त्यामुळे त्याची लहर 45 अंशांच्या आसपास, करवतीच्या दात्यांसारखी टोकदार येते. साधा खांब रुंदीच्या पावणेदोन-दोनपट उंच असतो, तेव्हा चढ 30 अंशांच्या आत राहतो. लहर किती सौम्य हवी याचा विचार टाका निवडतानाच करावा लागतो, नंतर ती बदलता येत नाही. टोक किती गोल असेल हे मात्र वाढ कशी वाटली आहे यावर अवलंबून असते. एकाच टाक्यात तीन खांब घातले तर शिखर अणकुचीदार, शेजारच्या दोन टाक्यांत दोन-दोन घातले तर गोलसर.

वाढ आणखी पसरवली तर काय होते ते पाहायला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांकडे जावे लागते. तिथे दोन सुयांवर विणली जाणारी ओल्ड शेल नावाची पारंपरिक वीण आहे. तिच्यात 18 घरांच्या एका गटात सहा घरे वाढतात आणि सहा कमी होतात, आणि कड शिंपल्यासारखी वळते. रोजच्या वापराच्या हॅप नावाच्या शालींना तिथल्या बायका याच विणीचा काठ लावत आणि तो पट्ट्यांचा करत. रंग मेंढ्यांच्या अंगावरचेच: पांढरा, राखी, तांबूस तपकिरी, काळपट. पट्टे आणि लहर यांची जोडी क्रोशाच्या पांघरुणाने शोधलेली नाही, ती या शालींवरही दिसते. कारण दोन्हीकडे सारखेच आहे. ओळ वाकलेली असली की तिच्यावर चढवलेला कोणताही रंग तिच्यामागे वाकतो.

वाढ आणि घट यांतली बरोबरी मोडली तर? वाढच करत राहिले तर टाक्यांना सपाट पसरायला जागा पुरत नाही आणि कापड झालरीसारखे मुडपू लागते. विणकामात ही चूक समजली जाते, पण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना ताइमिना यांनी 1997 मध्ये तिचाच उपयोग केला. ठरावीक प्रमाणात टाके वाढवत त्यांनी अतिपरवलयी प्रतलाची प्रतिकृती क्रोशाने विणली. ज्या भूमितीत एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशा अनेक रेषा जातात, ती भूमिती त्यांच्या विद्यार्थ्यांना त्या वेळेपासून हातात धरून, घडी घालून तपासता येऊ लागली. कागदाच्या प्रतिकृती फाटत, क्रोशाच्या टिकल्या. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी 2005 मध्ये याच तंत्राने प्रवाळांची बेटे विणण्याचा उपक्रम सुरू केला, कारण प्रवाळही तसेच झालरीत वाढतात. लहरी पांघरूण या सगळ्याच्या अलीकडे थांबते. ते जागोजागी वाढते आणि तितकेच आवरते, म्हणून पलंगावर सपाट राहते.

पट्ट्यांकडे वळू. लहर उठून दिसण्यासाठी शेजारच्या पट्ट्यांत उजेड-अंधाराचा फरक लागतो. लाल आणि हिरवा हे रंग म्हणून कितीही वेगळे असले, तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर दोन पावले मागे गेल्यावर लहर विरते. सुताच्या गुंड्या शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. ज्या गुंड्या फोटोत एकसारख्या करड्या दिसतात त्या लागून घेऊ नयेत. माझे मत विचाराल तर चार-पाच रंग पुरतात, त्यांपैकी एक फिका असावा आणि तो ठरावीक अंतराने परत यावा. प्रत्येक पट्ट्याला नवा रंग घेतला तर डोळ्याला टेकायला जागा राहत नाही. पट्टा दोन ओळींचा ठेवणे सोयीचे, कारण जाऊन परत आल्यावर धागा सुरुवातीच्याच कडेला असतो. तोच रंग लवकर परत येणार असेल तर धागा न तोडता कडेने वर नेता येतो.

रंगांचा क्रम आवडीने ठरवता येतो, तसा तो एखाद्या नोंदीवरूनही ठरवता येतो. युरोप-अमेरिकेत बरेच लोक तापमानाची पांघरुणे विणतात: दर दिवसाला एक ओळ, आणि त्या दिवशीचे तापमान ज्या टप्प्यात पडेल त्याचा रंग. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड यांनी 2017 मध्ये हीच कल्पना मोठ्या काळाला लावली आणि जगाच्या वाढत्या सरासरी तापमानाचे पांघरूण क्रोशाने विणले. पुढच्याच वर्षी, 2018 मध्ये, त्याच विद्यापीठातल्या एड हॉकिन्स यांनी निळ्यापासून गडद लालपर्यंत जाणारे वर्षावर्षाचे पट्टे प्रसिद्ध केले. आकडे नाहीत, अक्ष नाहीत, नुसते पट्टे. हवामानबदलाचे ते चित्र पुढे जगभर पोहोचले. गुंतागुंतीची माहिती सामान्य माणसापर्यंत नेण्याच्या वाटेवर क्रोशाचे पांघरूण आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्याकडे असे पांघरूण विणायचे झाले तर गाव विचारपूर्वक निवडावे. मुंबईचे कमाल तापमान वर्षभर फारसे हलत नाही. पांघरूण दोन-तीन रंगांतच घोटाळत राहील. नागपूरचे मात्र देखणे होईल. हिवाळ्यात तिशीच्या खाली आणि मेमध्ये पंचेचाळिशीच्या आसपास, मग जूनच्या अखेरीस पावसाबरोबर एकदम उतार. लांबीचाही हिशेब करावा. खांबाची एक लहरी ओळ साधारण 1.2 सेंमी उंची घेते, म्हणजे 365 ओळी सव्वाचार मीटरच्या पुढे जातात. आठवड्याची सरासरी घेऊन दर आठवड्याला दोन ओळी विणल्या, तर 104 ओळींत सव्वा मीटरचे नीट वापरता येणारे पांघरूण होते.

आता धागा. लहरी पांघरूण अमेरिकेत घरोघर पोहोचले त्यात ॲक्रिलिकचा वाटा मोठा आहे. ड्यूपॉन्ट कंपनीचा ऑरलॉन हा ॲक्रिलिक धागा 1950 मध्ये बाजारात आला. स्वस्त, हलका, यंत्रात धुता येणारा, हवा तो रंग मिळणारा. तपकिरी, नारिंगी आणि मलई रंगांच्या लहरी पांघरुणांनी 1970 च्या दशकात तिथल्या दिवाणखान्यांना ओळख दिली. तिकडे अशा पांघरुणांना अफगाण म्हणतात. पण जिथे वर्षातले आठ-नऊ महिने पंखा लावून झोपावे लागते तिथे ॲक्रिलिकचे पांघरूण मी सुचवणार नाही. कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. प्रमाणित हवेत सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवते, ॲक्रिलिक जेमतेम दोन टक्के. घाम अंगाशी साचत नाही तो यामुळे. सूत ओले झाले की आणखी मजबूत होते, म्हणून वरचेवर धुवाव्या लागणाऱ्या बाळाच्या पांघरुणाला त्यासारखे दुसरे काही नाही.

सुताच्या अडचणीही खऱ्या आहेत. मेंढीच्या लोकरीला नैसर्गिक कुरळेपणा असतो, ती ताणली की परत येते आणि हाताची लहानसहान चूक पोटात घेते. कापसाचा तंतू वाळताना चपटा होऊन पीळ पडलेली फीत बनतो. त्यात ती उसळी नसते. एक खांब सैल आणि दुसरा घट्ट पडला तर ते सुतात तसेच दिसत राहते. बोटे लवकर दुखतात, कारण प्रत्येक टाक्याचा ताण धागा सोसत नाही, हात सोसतो. सुताचे पांघरूण जडही होते. म्हणून सुई नेहमीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्यावी, वीण थोडी मोकळी ठेवावी आणि एका बैठकीत फार ओळी विणू नयेत.

चमकदार सूत घ्यायचे की साधे, हा प्रश्न दुकानात हमखास येतो. चमक मर्सराइझ प्रक्रियेतून येते. लँकेशायरमधले जॉन मर्सर यांना 1844 मध्ये दिसले की कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात कापसाचा तंतू फुगतो. चपटी फीत गोल होते. त्यांनी 1850 मध्ये पेटंट घेतले, पण कापड आटत असल्याने गिरण्यांनी ते उचलले नाही. सुमारे चाळीस वर्षांनी होरेस लो यांनी धागा ताणून धरत तीच प्रक्रिया केली आणि आटणे थांबले, वर रेशमासारखी झळाळी आली. असे सूत रंग अधिक पिते आणि त्यात लहरीची कड स्वच्छ उमटते. ते गुळगुळीत असते, म्हणून धाग्याची टोकेही लवकर सुटतात. बाळासाठी मी साधे, मऊ सूत घेईन. दिवाणावर टाकायचे असेल तर चमकदार.

गडद आणि फिका रंग शेजारी येणार असल्यामुळे रंगाची परीक्षा आधीच करावी. सध्याचे चांगले रंगीत सूत बहुधा रिॲक्टिव्ह रंगांनी रंगवलेले असते. आयसीआय कंपनीने 1956 मध्ये आणलेल्या प्रोसिऑन रंगांपासून ही पद्धत रूढ झाली. हे रंग सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात. पण रंगवल्यानंतर जादा रंग नीट धुतला गेला नसेल तर तो पहिल्या धुण्यात निघतो. लाल, जांभळा आणि गर्द निळा या सुतांचे हातभर तुकडे ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवावेत. फडक्यावर डाग आला तर ते सूत फिक्या रंगाशेजारी घेऊ नये.

बाळाचे किंवा मांडीवर घ्यायचे पांघरूण धरून एक आखणी सांगते. मध्यम जाडीचे, 4 मिमीची सुई चालणारे सूत सुमारे अर्धा किलो लागेल. एका लहरीला 14 टाके: चार खांब सरळ, मग दोन खांब एकत्र बंद असे दोनदा, पुन्हा चार खांब सरळ, मग एका टाक्यात दोन खांब असे दोनदा. लागले 4 आणि 4 आणि 4 आणि 2, म्हणजे 14. झाले 4 आणि 2 आणि 4 आणि 4, तेही 14. बारा लहरींसाठी 168 टाके, त्यावर पहिल्या खांबाच्या उंचीसाठी तीन, म्हणून 171 साखळ्या घालायच्या. ही साखळी सैल हवी, नाहीतर खालची कड आखडते आणि पहिली लहर बसतच नाही. फक्त साखळीपुरती मोठी सुई घ्यावी. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब. सोडलेल्या तीन साखळ्या आणि हा खांब मिळून कडेचे अर्धे शिखर होते. मग चार सरळ, दोन जोड्या बंद, चार सरळ, दोन टाक्यांत दोन-दोन, असे करत जायचे. शेवटच्या दरीनंतर चार सरळ झाले की एकच साखळी उरते. तिच्यात दोन खांब घालून दुसरे अर्धे शिखर पुरे करायचे. पुढची ओळ वळून तीन साखळ्यांनी सुरू होते, आणि त्या ज्या टाक्यावर उभ्या आहेत त्याच टाक्यात एक खांब येतो.

पहिली ओळ पाहून निराश होऊ नये. साखळी जवळजवळ मीटरभर लांब असते, ओळ मात्र वेडीवाकडी आणि अरुंद दिसते. लहर खरी दिसते तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर. रुंदी तेव्हा 85 ते 90 सेंमीवर येऊन स्थिरावते. वाकलेली ओळ आडवी कमी जागा घेते, पण तेवढ्याच प्रमाणात प्रत्येक ओळ उभी जास्त चढते, त्यामुळे सूत वाया जात नाही. रुंदी हवी तेवढी मिळवायची असेल तर सरळ विणीच्या हिशेबापेक्षा एक-दोन लहरी जास्त धराव्यात.

चुका बहुतेक कडेला होतात. तीन साखळ्यांचा तो बनावट खांब परतीच्या ओळीत शेवटी येतो आणि नजरेतून सुटतो. तो सुटला की दर ओळीला टाका कमी होत जातो आणि चौकोनाचा त्रिकोण होऊ लागतो. दर लहरीला एक सेफ्टी पिन लावून ठेवावी; शिखरावरची वाढ खालच्या शिखराच्या बरोबर डोक्यावर येते की नाही एवढे पाहिले तरी मोजणीचे काम होते. चूक दिसली तर तिथपर्यंत उसवावे. एकच फास हातात असल्यामुळे क्रोशे उसवणे सोपे असते आणि सुती धागा उसवल्यावरही पुन्हा विणता येतो.

रंग बदलताना नवा धागा पट्ट्याच्या शेवटच्या खांबाच्या शेवटच्या पायरीवर घ्यावा. उरलेले दोन फास नव्या रंगाने बंद केले की कड स्वच्छ येते आणि आधीच्या पट्ट्यात परका ठिपका राहत नाही. टोके वीतभर लांब ठेवून आधी एका दिशेने, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेने त्याच रंगाच्या टाक्यांतून ओवावीत. सुतात नुसती गाठ टिकत नाही. आपल्या आखणीत 84 ओळी, म्हणजे 42 पट्टे होतात. प्रत्येकाला दोन टोके धरली तर 84. ती दर संध्याकाळी थोडी थोडी ओवून टाकावीत.

84 ओळी गुणिले 168 म्हणजे 14,112 खांब. एका खांबाला सहा-सात सेकंद धरले तरी नुसत्या विणण्याचे पंचवीसेक तास होतात, टोके ओवणे आणि काठ वेगळा. हा आकडा मी मुद्दाम मांडते आहे. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या परिसरात, गोदावरीच्या मुखाजवळ, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आणलेले सुती क्रोशे आजही हजारो घरांत विणले जाते आणि परदेशी जाते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी ते विणणाऱ्या बायकांवर 1982 मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवले की रोज सहा-आठ तास विणणाऱ्या या बायकांना कामगार मानलेच जात नव्हते. घरबसल्या फावल्या वेळात काही करणाऱ्या गृहिणी असे त्यांना म्हटले जाई, आणि त्या सबबीवर मजुरी अगदी तुटपुंजी दिली जाई. नफा व्यापाऱ्यांकडे जात असे, आणि व्यापारी पुरुष होते. नरसापूरच्या क्रोशाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. आपल्याकडे प्रदर्शनात हाताने विणलेले पांघरूण हाती घेऊन किंमत पाडून मागण्यापूर्वी त्यातले खांब एकदा मोजून पाहावेत. ते यंत्राने झालेले नाहीत याची खात्री आहेच.

शेवटची ओळ झाली की खालची आणि वरची कड नागमोडी राहते. ती तशीच सुंदर दिसते, आणि मी ती तशीच ठेवते. सरळ कड हवी असेल तर दऱ्या भरून काढाव्या लागतात: शिखरावर मुका खांब, उतारावर अर्धा खांब, मग खांब, आणि दरीच्या तळाशी दोन वेढ्यांचा लांब खांब, पुन्हा त्याच क्रमाने वर. बाजूच्या दोन कडांना मुक्या खांबांची एक ओळ दिली की रंग बदलल्याच्या खुणा झाकल्या जातात.

पहिले धुणे हाताने, थंड पाण्यात, थोड्या साबणाने करावे. सुती वीण पाणी फार धरते आणि ओले पांघरूण दोरीवर टाकले तर स्वतःच्या वजनाने लांबते. मग लहरी उभट होतात आणि रुंदी कमी होते. जुन्या चादरीत गुंडाळून पाणी दाबून काढावे, पिळू नये. सावलीत सपाट पसरून शिखरे आणि दऱ्या बोटांनी जागेवर बसवाव्यात, आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. पावसाळ्यात याला दोन दिवस लागतात.